विकताना पायघड्या, दुरुस्तीला हेलपाटे



ट्रॅक्टर घरी आला तो दिवस आठवा. शोरूमच्या दारात ट्रॅक्टर धुऊनपुसून उभा होता. हार, नारळ, पेढे सगळं तयार. मालकाने स्वतः बाहेर येऊन तुमच्या हातात किल्ली दिली, फोटो काढला. सेल्समन गावापर्यंत सोबत आला, म्हाताऱ्या आईच्या पाया पडला आणि जाताना म्हणाला, “काका, काही अडचण आली तर रात्री बारा वाजता फोन करा. माणूस दारात हजर.”

आता दुसरा दिवस आठवा. जूनचा पहिला पंधरवडा. पाऊस पडून गेलाय, रानात वाफसा आलाय, बी-खत घरात येऊन पडलंय आणि ट्रॅक्टरची लिफ्ट पेरणीयंत्र उचलत नाही. तुम्ही त्याच सेल्समनला फोन लावता. “काका, मी सेल्सला आहे. सर्व्हिसवाल्याला विचारा.” सर्व्हिसवाला म्हणतो, “मेकॅनिक दुसऱ्या गावाला गेलाय, घेऊन या वर्कशॉपला.” वर्कशॉपला नेला तर, “ठेवून जा, दोन दिवसांनी फोन करा.” दोन दिवसांनी, “पार्ट वरून यायचाय.” हे ‘वर’ नेमकं कुठं आहे, ते कुणीच सांगत नाही.

गावोगावी फिरताना गेल्या दहा-बारा वर्षांत ही कहाणी मी इतक्या ओट्यांवर ऐकली आहे की आता ती सांगणाऱ्याच्या आधी मलाच पाठ येते. म्हणून आज खत नाही, कीड नाही, वाण नाही. आज बोलायचं ते ट्रॅक्टरच्या वर्कशॉपबद्दल. कारण सोयाबीनवर चक्रीभुंगा आला तर फवारणी करता येते, पण ऐन वाफशात ट्रॅक्टर आठ-पंधरा दिवस वर्कशॉपमध्ये अडकला तर त्यावर औषध नाही. बँकेचा सहामाही हप्ता मात्र ट्रॅक्टर उभा आहे म्हणून थांबत नाही.

आमच्या घरचीच गोष्ट

दुसऱ्याचं कशाला, माझ्याच घरचं सांगतो. २०२३ च्या दिवाळीला थोरल्या भावाने ट्रॅक्टर घेतला. २०२४ च्या जूनमध्ये लिफ्टची तक्रार सुरू झाली. अवजार उचललं की दोन मिनिटांत आपोआप खाली बसायचं. वॉरंटी चालू होती, म्हणून दादा निर्धास्त. ६ जूनला ट्रॅक्टर डीलरच्या वर्कशॉपमध्ये लावला, किल्ली फोरमनच्या हातात दिली आणि एसटीने घरी आला. कागद काही घेतला नाही. फोरमन ओळखीचा होता, कागद मागणं दादाला बरं दिसलं नाही.

१० तारखेला पाऊस झाला. वाफसा आला. दादा रोज फोन करायचा, रोज ‘उद्या’ मिळायचा. भाड्याचे ट्रॅक्टर आधीच दुसऱ्यांनी बोलून ठेवलेले. आमचा नंबर शेवटी लागला. अकरा एकर पेरणी एकरी हजार रुपये देऊन करून घेतली, तीही आठवडाभर उशिरा. माळावरच्या तीन एकरांतली ओल तोवर उडून गेली होती. तिथे दुबार पेरणी करावी लागली. बी पुन्हा, खत पुन्हा.

ट्रॅक्टर २३ जूनला मिळाला. सोबत ८,७४० रुपयांचं बिल. सील किट, तेल, मजुरी. “वॉरंटी आहे ना?” तर उत्तर आलं, “लिफ्ट बाहेरच्या मेकॅनिकने खोललेली दिसते. कंपनी क्लेम मंजूर करत नाही.” लिफ्टला कुणी हात लावला नव्हता. पण ट्रॅक्टर आत गेला तेव्हा तो कसा होता, हे लिहिलं कुठे होतं? “जुने सील दाखवा” म्हटलं तर ते भंगारात गेलेले. “सतरा दिवस लावले” म्हटलं तर फोरमन म्हणाला, “ट्रॅक्टर आमच्याकडे १५ तारखेला आला.” ६ तारीख सिद्ध करायला आमच्याकडे एसटीचं तिकीटसुद्धा नव्हतं.

आणि इथे मला स्वतःचीच लाज वाटली. कारण दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक गावात उभा राहून मी काय सांगतो? बियाण्याची पक्की पावती घ्या. पिशवी फाडताना टॅग राहील अशी खालच्या बाजूने फाडा. पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही तर तेवढाच पुरावा. तीन हजारांच्या बियाण्याच्या पिशवीसाठी मी हे घसा कोरडा करून सांगतो आणि सात-आठ लाखांचा ट्रॅक्टर माझ्या घरून नुसत्या ओळखीवर वर्कशॉपला सोडला जातो.

आजच्या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. बियाण्याला जी शिस्त, तीच ट्रॅक्टरला लावा. ट्रॅक्टर वर्कशॉपला सोडताना जॉबकार्ड हातात घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका.

वर्कशॉपचं गणित समजून घ्या

सगळे डीलर लबाड आहेत असं कुणी म्हणू नये. मन लावून सेवा देणारे डीलर आहेत आणि पेरणीच्या दिवसांत रात्री कंदील-बॅटरी लावून बांधावर दुरुस्ती करणारे मेकॅनिकही मी पाहिले आहेत. पण धंद्याचं गणित कसं चालतं ते आपल्याला ठाऊक हवं.

नवा ट्रॅक्टर विकला की डीलरला कमिशन ताबडतोब मिळतं. वॉरंटीतलं काम मात्र आधी करावं लागतं, मग कंपनीकडे क्लेम पाठवावा लागतो आणि क्लेम मंजूर झाला तर पार्टचे व मजुरीचे पैसे मिळतात. नामंजूर झाला तर ते काम डीलरच्या अंगावर पडतं. म्हणून रोखीचं काम पुढे आणि वॉरंटीचं काम मागे, असं होतं. त्यात आपल्या सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच वेळी बिघडतात. वर्षभर मोडकी लिफ्ट चालवून घेतो आणि मृग तोंडावर आला की सगळे मिळून वर्कशॉपला धावतो. चार मेकॅनिक आणि चाळीस ट्रॅक्टर. मग ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची ओळख वरची, त्याचा ट्रॅक्टर आधी निघतो. गरीब माणसाचा कोपऱ्यात राहतो.

आपल्याही चुका आहेत, त्या झाकून चालणार नाही. बहुतेक ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिसिंग ५० तासांना असते. पुढच्या सर्व्हिसिंगचे तास पुस्तिकेत दिलेले असतात. किती जण ते तास पाळतात? मीटर बंद पडलं तर दुरुस्त करून घेत नाही. एअर क्लीनर धुळीने गच्च भरेपर्यंत बघत नाही. डिझेल कॅनमधून न गाळता ओततो आणि मग पंप-नोझल खराब झालं म्हणून कंपनीला शिव्या देतो. गावातल्या मिस्त्रीकडून स्वस्तात इंजिन खोलून घेतो आणि नाही जमलं की डीलरकडे नेतो. एक सर्व्हिसिंग चुकली की कंपनीला ‘नाही’ म्हणायला आयतं कारण मिळतं. सर्व्हिस कूपन आणि सर्व्हिसच्या नोंदीचं पुस्तक हे सातबाऱ्याइतकं जपा.

वॉरंटी म्हणजे सगळं फुकट, हाही गैरसमज काढून टाका. क्लच प्लेट, ब्रेक लायनिंग, फिल्टर, तेल यांसारख्या झिजणाऱ्या-संपणाऱ्या वस्तू बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाहीत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा ते बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. वॉरंटी वर्षांत आणि तासांत, दोन्हींत मोजतात. जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. ही पुस्तिका घेतानाच वाचा. इंग्रजीत असेल तर मराठीत मागा. मिळाली नाही तर गावातल्या शिकलेल्या पोराला घेऊन बसा, पण वाचा.

किल्ली देण्याआधी

ट्रॅक्टर वर्कशॉपला नेला की घाई करू नका. अर्धा तास जास्त गेला तर जाऊ द्या.

पहिली गोष्ट, जॉबकार्ड. त्यावर तारीख, वेळ, ट्रॅक्टरचा चेसिस व इंजिन नंबर, मीटरवरचे तास आणि तुमची तक्रार लिहून घ्या. तक्रार तुमच्या शब्दांत हवी. ‘हायड्रॉलिक चेक करणे’ असं मोघम नको. ‘अवजार उचलल्यावर दोन मिनिटांत आपोआप खाली येते’ असं लिहायला लावा. काम वॉरंटीत आहे की पैसे लागणार, हेही त्याच कागदावर यावं. ट्रॅक्टर कधी मिळेल ती तारीख घाला. खाली त्यांची सही-शिक्का आणि तुमच्या हातात प्रत. ‘कॉम्प्युटर बंद आहे, नंतर देतो’ म्हणाले तर साध्या कोऱ्या कागदावर हेच लिहून सही घ्या.

दुसरी गोष्ट, फोटो. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मीटर, लिफ्ट, इंजिनचे सील, टायर, बॅटरीचा नंबर यांचे फोटो वर्कशॉपच्या दारातच काढा. जॉबकार्डाचाही फोटो काढा आणि तो फोरमनच्या व्हॉट्सॲपवर टाका. तारीख-वेळ आपोआप नोंदली जाते. आमच्याकडे असा एक फोटो असता तर ६ तारखेची १५ तारीख झाली नसती.

तिसरी गोष्ट, अंदाजपत्रक. पैसे लागणार असतील तर आकडा आधी लेखी घ्या. “खोलल्यावर कळेल” हे काही वेळा खरं असतं. तेव्हा जॉबकार्डावर लिहा, ‘खोलल्यावर खर्च कळवून परवानगी घेतल्याशिवाय पुढील काम करू नये.’ एवढ्या एका ओळीने पुष्कळ बिलं आटोक्यात येतात.

चौथी गोष्ट, जुने पार्ट. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत हवा, असं सोडतानाच लिहून द्या. वॉरंटीत बदललेले पार्ट कंपनीला परत पाठवावे लागतात, ते तुम्हाला मिळणार नाहीत. ते किमान डोळ्यांनी बघा आणि फोटो घ्या. पैसे देऊन बदललेला पार्ट मात्र तुमचा आहे. फिल्टर बिलात नवा आणि ट्रॅक्टरवर जुनाच, असे प्रकार घडतात. जुना पार्ट मागणाऱ्याच्या बाबतीत ते सहसा घडत नाहीत.

पाचवी गोष्ट, बिल. पक्कं जीएसटी बिल घ्या. प्रत्येक पार्टचं नाव, नंबर, किंमत आणि मजुरी वेगळी हवी. ‘इतर साहित्य’, ‘किरकोळ खर्च’ अशा नावाखाली मोठा आकडा दिसला तर विचारा. पाकिटावर छापलेल्या एमआरपीपेक्षा जास्त किंमत कुणालाही घेता येत नाही. घेतली तर वैधमापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते. म्हणून पार्टचं रिकामं पाकीट मागून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आणि ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब व ठरावीक सुट्या भागांवरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आला. बिलावर कर कोणत्या दराने लावलाय ते बघून घ्या.

शेवटची गोष्ट, ताबा घेण्याआधी चालवून बघा. लिफ्टची तक्रार होती तर तिथेच अवजार किंवा वजन उचलून दहा मिनिटं धरून ठेवायला सांगा. तेलाची पातळी पट्टीने बघा. ‘समाधानकारक काम झाले’ या छापील ओळीखाली डोळे मिटून सही करू नका. काम अर्धवट असेल तर सहीच्या वर तसं लिहा. ती सही उद्या तुमच्याच विरोधात कागद म्हणून पुढे येते.

तरीही नडलं तर

इतकं करूनही कुणी दाद दिली नाही, तर भांडण करण्याआधी पत्र लिहा. मजकूर साधा असावा. उदाहरणादाखल:

‘मी अमुक तारखेस आपल्याकडून ट्रॅक्टर खरेदी केला. चेसिस नंबर अमुक. अमुक तारखेस इतके तास असताना लिफ्टच्या तक्रारीसाठी आपल्या वर्कशॉपमध्ये जमा केला. जॉबकार्ड नंबर अमुक. आजपर्यंत इतके दिवस झाले, ट्रॅक्टर दुरुस्त होऊन मिळालेला नाही. पेरणीसाठी मला भाड्याने ट्रॅक्टर लावावा लागला. त्याच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत वॉरंटीप्रमाणे विनामूल्य दुरुस्ती करून द्यावी व झालेला खर्च भरून द्यावा. अन्यथा मला ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

हे पत्र डीलरला स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा. एक प्रत कंपनीच्या कार्यालयाला पाठवा. पत्ता आणि फोन पुस्तिकेत असतो. आपले लोक डीलरशीच भांडत बसतात आणि कंपनीला काही कळवतच नाहीत. डीलर कंपनीला ऐकतो, कारण त्याची एजन्सी तिच्या हातात असते. माझ्या हद्दीतल्या एका शेतकऱ्याचा क्लच हाउसिंगचा वाद होता. त्याच्याकडे जॉबकार्ड आणि फोटो दोन्ही होते. असं एक पत्र कंपनीला गेलं, कंपनीचा इंजिनिअर येऊन बघून गेला आणि घेतलेले पैसे परत मिळाले. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. त्याची बाजू खरी होती तशी आमचीही होती. त्याच्याकडे कागद होता, आमच्याकडे नव्हता.

पत्राने भागलं नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. हुकूम काढण्याचा अधिकार त्यांना नाही, पण पुष्कळ कंपन्या तिथेच तडजोड करतात.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग, म्हणजे आपण ज्याला पूर्वी ग्राहक मंच म्हणायचो. ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ चा. त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली तो २४ डिसेंबर आजही राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतात. त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. म्हणजे ही चळवळ आपल्याच मातीतली आहे. पण ती शहरात जितकी पोचली तितकी शिवारात पोचली नाही. आता २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातल्या आपल्या कामाच्या गोष्टी अशा:

तक्रार आता तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनीचं कार्यालय मुंबई-दिल्लीला आहे म्हणून तिकडे जायची गरज नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. ५ ते १० लाखांपर्यंत फी २०० रुपये. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं जिल्हा आयोगात चालतात. वकील लावलाच पाहिजे अशी सक्ती नाही. ऑनलाइन अर्जाचीही सोय आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. पण नोटीस गेल्यावर समोरचा माणूस बोलायला येतो, हेही खरं.

एका अडचणीची आधीच कल्पना देतो. कंपनीचा वकील हमखास म्हणेल, ‘हा ट्रॅक्टर भाड्याने चालतो, हा धंदा आहे, हा माणूस ग्राहक नाही.’ घाबरू नका. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरणारा माणूस ग्राहकच आहे, असं कायद्यातच स्पष्ट केलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग प्रकरणात त्याचा खुलासाही केला आहे. बियाण्याच्या बाबतीत २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात शेतकरी हा ग्राहक असल्याचं त्याच न्यायालयाने मान्य केलं आहे. मात्र दहा ट्रॅक्टर आणि पगारी ड्रायव्हर ठेवून व्यवसाय करणाऱ्याला ही सवलत मिळेल असं समजू नका. आपला वापर खरा असेल तोच लिहा.

“साहेब, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? उद्या ट्रॅक्टर परत त्यांच्याकडेच न्यायचाय,” असं मला पुष्कळ जण म्हणतात. भीती खोटी नाही. पण वॉरंटी ही बहुधा कंपनीची असते, एकट्या डीलरची नाही. शेजारच्या तालुक्यातल्या त्याच कंपनीच्या अधिकृत डीलरकडेही काम करून घेता येतं का, ते पुस्तिकेत बघा. आणि वैर कागदाने होत नाही. उलट कागद असला की शब्दाला शब्द वाढत नाही.

आमच्याही बाजूचं थोडं

आता आम्हा खात्याच्या माणसांबद्दल बोललं पाहिजे. अनुदानाच्या ट्रॅक्टरची मोका तपासणी करायला आम्ही येतो. चेसिस नंबर बघतो, बिल बघतो, शेतकऱ्याला ट्रॅक्टरसमोर उभं करून फोटो काढतो. तिथे मी आजवर एकदाही विचारलं नाही, की भाऊ, याची सर्व्हिसिंग कुठे होणार? वर्कशॉप किती लांब? जॉबकार्ड म्हणजे काय ते माहीत आहे का? फॉर्मात तो रकाना नाही म्हणून मीही विचारत नाही. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची ताकद, डिझेलचा खप, लिफ्टची क्षमता सगळं तपासलं जातं. यंत्राची परीक्षा होते. ते यंत्र सांभाळणाऱ्या वर्कशॉपची परीक्षा कोण घेणार? अनुदानाच्या अर्जात विक्रीनंतरच्या सेवेचा एक रकाना वाढवायला काही कोटींचा खर्च येत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैमध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. त्यात मोबाईल, घरगुती उपकरणं, मोटारगाड्या यांच्याबरोबर शेतीची अवजारंही घेतली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी पोर्टलही सुरू झालं. पार्टची, दुरुस्तीची, वॉरंटीची माहिती कंपन्यांनी उघड करावी हा हेतू चांगला आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. पार्ट इतक्या दिवसांत मिळाला पाहिजे, अशी सक्ती त्यातून येत नाही. जाब विचारणारा ग्राहक गावातच तयार व्हावा लागेल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना म्हणून एक विनंती आहे. १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावात किती ट्रॅक्टर, कोणत्या कंपनीचे, किती जणांची तक्रार पडून आहे, याची एका कागदावर यादी करा. ती यादी घेऊन डीलरला पत्र द्या, की मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावात सर्व्हिस कॅम्प लावा. एकट्या शेतकऱ्याचा फोन उचलला जात नाही. तीस ट्रॅक्टरांची यादी असलेलं ग्रामपंचायतीचं पत्र कुणी टाळत नाही, कारण पुढचे पाच ट्रॅक्टर त्याच गावात विकायचे असतात. कॅम्पच्या दिवशी आम्ही खात्याची माणसं हजर राहू. जॉबकार्ड भरून घ्यायला मी स्वतः टेबल टाकून बसेन. ही कामं मेमध्ये झाली तर जूनमध्ये वर्कशॉपची गर्दीही कमी होईल, त्यात डीलरचाही फायदा आहे.

आणि ज्यांना येत्या हंगामात नवा ट्रॅक्टर घ्यायचाय त्यांनी एक करा. शोरूममध्ये पेढा खाण्याआधी मागच्या दाराने वर्कशॉपमध्ये जा. तिथे कुणाचा ट्रॅक्टर किती दिवसांपासून उभा आहे ते त्या मालकालाच विचारा. मेकॅनिक किती आहेत, जॉबकार्ड देतात का, जुने पार्ट परत करतात का, ते बघा. बैल घेताना आपण त्याचे दात बघतो, खूर बघतो, जू मानेवर ठेवून चालवून बघतो. ट्रॅक्टर घेताना नुसता रंग आणि हप्ता बघून कसं चालेल?

आमचे ८,७४० रुपये गेले ते गेले. तीन एकरांचं बी-खतही गेलं. दादाने ते पैसे सोडून दिले, पण त्या दिवसापासून ट्रॅक्टरच्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही आहे. सर्व्हिसिंगची तारीख, मीटरचे तास, तेलाचं बिल, सगळं तीत असतं. या वर्षी दादा वर्कशॉपला गेला तेव्हा फोरमनने आधी त्या वहीकडे बघितलं आणि न मागता जॉबकार्ड फाडून दिलं. ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी घरी आला.

वही वीस रुपयांना मिळते. उद्या बाजाराला गेलात की घेऊन या.